धर्मपालचा खोकला
विम्याचा दवाखाना म्हटलं की जाईबाईच्या नाकात अजून त्या लाल औषधाचा वास भरतो, अन् हसू येतं. अकोल्याच्या गिरणी कामगारांसाठी तो तेव्हा नवानवा निघाला होता. विमा फक्त कामगाराचा, बायकोचा नाही. आता सांगा, खोकला काय कार्ड पाहून येते?

जाईबाईला तापखोकल्यानं पार झोपवलं. दुकानात पेनिसिलीनचा भाव ऐकून तिचा गिरणीतला नवरा, धर्मपाल, हात हलवत परत आला. मग त्यानं शक्कल काढली. बायको कशी खोकते ते नीट ऐकून ठेवलं अन् दवाखान्यात जाऊन हुबेहूब तसाच खोकला. घरून नेलेल्या शिशीत औषध भरून मिळेल, असा त्याचा अंदाज. डॉक्टर म्हणाले, "शिशी राहू द्या. बाही वर करा."

दंड चोळत तो घरी आला. "तुह्या वाट्याची सुई मलेच टोचली व!" म्हणाला अन् रडायलाच लागला. एवढा दांडगा गडी! जाईबाईला त्याचा असा राग आला, अन् अशी माया आली, की ती तशीच उठली. "चाला. मीच येतो."

"विमा कोणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं. "यायचा."

"अन् खोकला?"

"तोबी यायचाच. माह्याजवळ हाये."

डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली अन् त्यांचा चेहरा उतरला. बायकोला सुई देणं नियमात नव्हतं. त्यांनी धर्मपालचं कार्ड पुढे ओढलं. "ज्याचं कार्ड, त्यालाच सुई. बाई, पेशंटचं नाव सांगा."

नवऱ्याचं नाव! घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं म्हणायच्या बायका. बौद्ध दीक्षेनंतर बाकी सगळ्या जुन्या समजुती सुटल्या, ही तेवढी सुटली नव्हती. जाईबाई घामाघूम झाली.

"धर्मपाल," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कार्डावर तेच नाव लिहिलं अन् सुई तिला टोचली. ती बरी झाली. मग धर्मपाल सारखा मागं लागायचा, "एक डाव म्हण ना व."

"सुई टोच, मंग म्हणतो."

काय सुखाचे दिवस होते ते!

पुढं बायकापोरांनाही विमा लागू झाला. जाईबाईनं आपलं कार्ड कौतुकानं दाखवलं, तर गड्याचं तोंड एवढंसं झालं. "आता कायले घेतं तू माहं नाव!"

तिला पुन्हा खोकला झाला तेव्हा दोघं दवाखान्यात गेली. खिडकीत बाबूनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

जाईबाईनं आपलं कार्ड पदराखाली लपवलं अन् साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "धर्मपाल!"