बूट चावला

चामड्याचे बूट घ्यायला गेलं की रक्त निघतंच, हे मी वृंदाला घरातून निघतानाच सांगितलं होतं. ते टाचेतून निघणार की दुकानदाराच्या भुवईतून, एवढंच तेव्हा ठरलेलं नव्हतं.

वृंदा माझी नात. जन्म दिल्लीचा, शाळा-कॉलेज दिल्लीचं, मराठी घरापुरतं. दगडमातीचं शास्त्र शिकली आणि हिमाचलात बोगदा खणणाऱ्या कंपनीत लागली. पहिल्याच फेरीला बाईसाहेब शोभेचे बूट घालून गेल्या. अर्ध्या चढावर बुटाचा सोल कुत्र्याच्या जिभेसारखा लोंबायला लागला, पोरगी घसरली, आणि दोन मजुरांनी तिला पाठंगुळीला घेऊन खाली आणलं. नखं काळीनिळी, टाचा सोललेल्या. साहेब म्हणाला, "आप नोएडा ऑफिस में ही ठीक हो." भांडून, रडून तिने आणखी एक संधी मिळवली. सोमवारी परत चढायचं. या खेपेला पायांनी दगा दिला की बोगदा विसरायचा आणि जन्मभर नोएडात एसीखाली बसायचं.

"आजी, असे बूट पाहिजेत की रोज कामावर पण घालता येतील आणि सुट्टीत ट्रेकला पण. तू पण चल यार."

मला न्यायलाच हवं होतं. पायताणातलं मला कळतं. माझ्या सासऱ्यांनी नुसत्या वहाणेने वाघ पळवला होता. वृंदा म्हणते, "आजी, मागच्या वेळी बिबट्या होता." त्याच्याही मागच्या वेळी तो कुत्रा होता, ते तिच्या लक्षात नाही हे बरंय.

मुद्दामच संध्याकाळी निघालो. दिवसभर वापरलेला पाय फुगतो. सकाळी गोड बोलणारा बूट संध्याकाळी गळा धरतो. डोंगरावर घालायचे जाड मोजेही बरोबर घेतले, कारण पातळ मोज्यावर बसलेला बूट जाड मोज्यात मावत नाही.

करोल बागेत पहिल्या दुकानात मी बूट हातात घेतला आणि कपडा पिळावा तसा पिरगळला. कोंबडीची मान मोडल्यासारखा कडाक्कन मोडला. दुसऱ्या दुकानात सोल आणि चामड्याच्या फटीत नख घालून ओढलं, तर सगळा सोल हातात आला. नुसता चिकटवलेला! दुकानदार किंचाळला, "माताजी, ये क्या किया?"

"मैंने नहीं, आपने किया," मी म्हटलं, आणि सोल त्याच्या गल्ल्यावर आपटून बाहेर पडले.

"आजी, लोक बघतात," वृंदा म्हणाली.

"बघू देत. उद्या डोंगरावर तुला खांद्यावर घेतील तेव्हाही बघतीलच."

अशा रीतीने दोन मुडदे पाडून आम्ही चावलाजींच्या दुकानाशी आलो.

आता हे आडनाव. दिल्लीतल्या मराठी घरांत या पंजाबी आडनावावर पिढ्यान्‌पिढ्या हसणं चालू आहे. आमचे हे बदली होऊन इथे नवे आले, तेव्हा ऑफिसात कुणी ओळख करून दिली, "ये चावला हैं." हे दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "किसको?"

तर हे चावलाजी साठीचे, पैलवानी दंडांचे, दोरी लावलेला चष्मा गळ्यात. दुकानाच्या पायरीवर उभं राहून ते रस्त्यातल्या पोरांवर ओरडत होते. बाजारात नुकतीच एका मुलीची कुणीतरी छेड काढली होती. तेव्हापासून ही पोरं मुलींचे रक्षक बनून मोटरसायकली आडव्या लावून बसायची. हातात मोबाइल, कुणाला बदडायला मिळतंय आणि कधी व्हिडिओ काढतोय असं झालेलं. म्होरक्या अंकुर, लाल जॅकेटवाला.

"बाइक हटा! ग्राहक क्या उड़ के आएगा?"

"अंकल, हम आपकी बहू-बेटियों के लिए खड़े हैं."

"मेरी बहू को डर ही तुमसे लगता है!"

आजूबाजूचे हसले. अंकुर नाही हसला. त्याची नजर मला तेव्हाच आवडली नव्हती.

आत चावलाजींनी वृंदाचा पाय बघितला आणि म्हणाले, "एक नंबर बड़ा ले लो बेटा, आराम रहेगा."

"बिल्कुल नहीं," मी म्हटलं. "बड़े जूते में पाँव आगे फिसलता है. उतरते टाइम सब उँगलियाँ ठेचके निकलती हैं."

"ठेच के?"

"कूटके! कुटून! चटणी!" मी हातावर हात आपटून दाखवलं. मग वृंदाकडे वळले. "चवडा मोकळा हवा आणि घोटा धरलेला हवा, समजलं?"

"चवडा म्हणजे? चिवडा?"

"कपाळ माझं! बोटांच्या मागचा रुंद भाग. तो दाबला गेला की रक्त साकळतं."

मी आणि चावलाजी अर्धा तास भांडलो. तो चांगलाच खोटं बोलणारा माणूस होता, त्यामुळे मला आवडला. म्हणाला, माझे बूट घालून एक फौजी दरीत पडला, फौजी गेला, बूट परत आले. मी म्हटलं, आमच्या नात्यातल्या एकाचे बूट त्याच्या आधी घरी यायचे. मग कुठे त्याने हार मानून माळ्यावरून एक जोडी काढली. तपकिरी, जाड चामड्याची, सोल दोऱ्याने शिवलेला, पुढे बोटांवर आतून लोखंडी टोपी. बोगद्यात ती लागतेच. मी पिरगळली, वाकली नाही. नख मारलं, नखच तुटलं.

वृंदाने दोन्ही चढवले. पुढे अंगठ्याएवढी जागा, चवडा मोकळा, नाड्या आवळल्यावर टाच तसूभर उचलत नव्हती. पोरीच्या तोंडावर असं हसू आलं की मी मनात तिला बोगद्यातच बघितलं.

"उडी मारून बघ," मी म्हटलं. उतरताना प्रत्येक पाऊल आधी टाचेवर आदळतं, म्हणून.

तिने उडी मारली.

डाव्या टाचेत एक चूक राहून गेली होती. चूक म्हणजे बारीक खिळा, हेही नंतर तिला सांगावं लागलं. उडीसरशी तो अस्तर फाडून वर आला आणि थेट मांसात घुसला.

"आई गं! आजी, चावला! चावला!"

तिने बूट ओढून काढला, तर मोजा लाल. फरशीवर थेंब.

"कुठे चावला?" मी ओरडले.

"टाचेला! केवढ्यांदा चावला!"

आणि चावलाजींना कळावं म्हणून मी माझ्या खणखणीत हिंदीत त्याचं भाषांतर केलं, "काट लिया! लड़की को काट लिया!"

माझा आवाज पहाडगंजपर्यंत जातो. अंकुर तर दारातच होता.

"किसने काटा?"

वृंदाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टाच धरून, डोळ्यांत पाणी आणून ती माझ्याशीच बोलत होती, "चावला गं, जोरात चावला!"

झालं. पहिल्या थपडेने चावलाजींचा चष्मा भिंतीवर फुटला. दुसरीने ते स्टुलावरून पडले. दुकानात लाल जॅकेट, काळी जॅकेटं, मोबाइल, सगळे एकदम घुसले.

"अरे, चावला ने नहीं!" मी किंचाळले. "चावला जूता! जूता चावला!"

"हाँ माताजी," एकजण म्हणाला, "चावला को जूता ही पड़ेगा."

आणि फळीवरचे त्यांचेच बूट घेऊन त्यांनाच मारायला लागले. चामड्याचा बूट माणसाच्या तोंडावर बसतो तेव्हा आवाज कसा येतो माहितेय? ओलं घोंगडं दगडावर आपटल्यासारखा. कुणीतरी केस धरून त्यांचं डोकं काउंटरच्या कडेवर आपटलं. भुवई फाटली आणि रक्ताने त्यांचा अर्धा चेहरा दिसेनासा झाला. बरगड्यांत लाथा. एक फळी खोक्यांसकट खाली आली. "बहन-बेटी को काटेगा? काटेगा?" प्रत्येक प्रश्नाला एक लाथ. बाहेर गर्दी जमली, आणि गर्दीतला प्रत्येक हात वर, प्रत्येक हातात मोबाइल.

बूट बेततात तो लाकडी पाय असतो ना, फर्मा, तो मी उचलला. आमचं मंडळ दरवर्षी बस करून पानिपतला काला अंबला, मराठे लढले त्या रणभूमीवर, जातं. तिथे उभं राहून मला नेहमी वाटायचं, मी असते तर! त्या संध्याकाळी कळलं, मी असते तर मला दम लागला असता. पण एकाच्या कोपरावर तो फर्मा असा हाणला की त्याच्या हातातला बूट छताला जाऊन चिकटला. वृंदा म्हणते, छताला नाही, पंख्याला. असू दे.

तेवढ्यात अंकुरने शटर ओढायचा लोखंडी आकडा उचलला. चावलाजी पालथे पडलेले, दोघांनी हात पिरगळून पाठीवर धरलेले, डोकं फरशीवर. अंकुरने आकडा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला. मी ओरडले, पण मी लांब होते.

वृंदा जवळ होती. एक पाय अनवाणी, रक्ताळलेला. दुसऱ्या पायात बूट. सोमवार, बोगदा, साहेब, सगळं त्या एका धड पायावर उभं होतं. तिने तोच पाय चावलाजींच्या डोक्यावरून पुढे घातला.

आकडा तिच्या बोटांवर पडला.

घण्ण!

देवळातली घंटा वाजावी तसं. अंकुरच्या हातांना झिणझिण्या आल्या, आकडा निसटला, आणि वृंदाने तोच पाय मागे नेऊन त्याच्या नडगीवर असा घातला की मला हाड ऐकू आलं. तो गुडघ्यावर आला, थेट चावलाजींच्या तोंडासमोर. बिचाऱ्यांचे दोन्ही हात धरलेले. काय करणार? त्यांनी जबडा उघडला आणि अंकुरच्या मांडीत दात रुतवले.

आणि अशा रीतीने, मंडळी, चावला चावला.

सोडेनात! जीन्सचं कापड फाटलं, रक्त आलं, तरी सोडेनात. अंकुर असा किंचाळला की बाहेरची गर्दी मागे सरली.

"किसने काटा?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"चावला ने काटा!" अंकुर रडत म्हणाला. त्या संध्याकाळी हे वाक्य पहिल्यांदाच खरं होतं.

मग वृंदा काउंटर धरून उभी राहिली आणि ओरडली, "मराठी में 'चावला' मतलब काटा! जूता काटा था मुझे! जूते में कील थी! इन्होंने कुछ नहीं किया!"

तिने डावा बूट उलटा करून आत बोट घातलं आणि सगळ्यांना खिळा दाखवला.

हळूहळू मोबाइल खाली आले. ज्याने चष्मा फोडला होता तोच खाली वाकून काचा गोळा करायला लागला. हात धरणाऱ्यांना आपले हात कुठे ठेवावेत कळेना. अंकुरला दोघांनी उचलून नेलं, आणि मोटरसायकली निघून गेल्या.

चावलाजी भिंतीला टेकून बसले. मी पदर त्यांच्या भुवईवर दाबला. ते तोंडातून जीन्सचा धागा काढत वृंदाला म्हणाले, "बेटा, उँगलियाँ हिला."

तिने बूट काढला, मोजा काढला. आम्ही दोघं वाकून बघायला लागलो. बोटं हलली. सगळी. टोपीवर नुसता एक पोचा आला होता.

"मैंने कहा था ना माताजी," ते म्हणाले, "फौजी गया, जूता वापस आया."

त्या फाटलेल्या भुवईनिशीच त्यांनी हातोडी मागितली, डावा बूट मांडीवर घेतला आणि तो खिळा असा ठेचला, असा ठेचला, जणू त्या खिळ्यानेच लाल जॅकेट घातलं होतं. वर नवं अस्तर चिकटवलं. मगच दवाखान्यात यायला तयार झाले. त्यांना टाके, वृंदाला टाचेला पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, मला एक कप चहा.

त्यांनी पोलिसात तक्रार केली. साक्षीला मी गेले. किती जण होते विचारल्यावर मी पन्नास म्हटलं, आणि वृंदाने मागून एका हाताची पाच बोटं दाखवली.

शनिवार-रविवार ते बूट घालून ती घरात चालली, जिने चढली-उतरली. रविवारी रात्रीच्या बसने गेली. सोमवारी मी दिवसभर घरात थांबू शकले नाही. डिंकाचे लाडू घेऊन चावलाजींकडे जाऊन बसले. तेही कपाळाला पट्टी बांधून रिकाम्या दुकानात बसले होते, दोघांची नजर माझ्या फोनवर.

संध्याकाळी वाजला. मी स्पीकर लावला.

"आजी! वरपर्यंत चढले! साहेब मागे राहिला, मी नाही! उद्यापासून बोगद्यात!"

"आणि टाच? बूट?"

"चावला नाही, आजी! अजिबात चावला नाही!"

चावलाजी स्टुलावरून ताडकन उठले, फोनजवळ तोंड नेलं आणि ओरडले, "नहीं कैसे? ज़िंदा हूँ बेटा, यहीं बैठा हूँ!"