टाचांचं मलम

थोरलीच्या खाजेला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षांत तिने पाच डॉक्टर केले. पाचही मोठे हुशार, कारण खाज कुठे आहे हे न पाहताच ती कशाची आहे हे पाचांनाही कळलं.

थोरली म्हणजे त्या घरची मोठी सून. शहर बस चालवायची. अकरा मीटरचं धूड अरुंद चौकात एका हाताने वळवायची आणि वर आरशात बघून पदपथावरच्या माणसाला, "पाय आत घ्या, काका," असं बजावायची. अशी बाई डॉक्टरपुढे बसली की मात्र नजर टेबलावरच्या पेपरवेटवर आणि आवाज पोटात. "खाली... तिथे... जरा खाजतं," एवढंच बोलायची.

पहिल्याने ऐकलं आणि लिहिलं, बुरशी. दुसऱ्याने पहिल्याची चिठ्ठी वाचली आणि लिहिलं, बुरशी. तिसऱ्याने दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या आणि तेच जरा मोठ्या अक्षरात लिहिलं. चौथीने विचारलं, "कपडे कुठल्या साबणाने धुता?" आणि उत्तर ऐकून अशी हळहळली, जणू रोग नव्हे, साबणच वारला. पाचव्याने खुर्ची हातभर मागे सरकवली आणि म्हणाला, "मन कशात तरी गुंतवा हो." थोरलीचं मन रोज साठ उतारू, एकवीस सिग्नल आणि मधेच आडवा येणारा सिमेंटचा ट्रक यांच्यात गुंतलेलं असायचं. खाज तेवढी मोकळी बसलेली.

सहावी त्वचेची डॉक्टर. बुटकी, गळ्यात चष्म्याची दोरी. थोरलीने "खाली... तिथे..." सुरू केलं तशी ती म्हणाली, "सांगू नका. झोपा. बघू."

दिव्याचा झोत, हातमोजे आणि दोन मिनिटं. नऊ वर्षांचं काम दोन मिनिटांत उरकलं.

"ही बुरशी नाही," डॉक्टरीण हात धूत म्हणाली. "योनीच्या बाहेरच्या कातडीचा आजार आहे. कातडी पांढरी पडते, कागदासारखी पातळ होते, चिरते, आक्रसते. अस्वच्छतेने होत नाही. कुणाकडून लागत नाही, कुणाला देताही येत नाही."

"बरा कधी होईल?"

"होणार नाही. पाहुणा उठून जाणार नाही, पण त्याला गप्प बसवता येतं." तिने एक छोटी ट्यूब टेबलावर ठेवली. "महिनाभर रोज एकदा. पुढचा महिना एक दिवसाआड. मग आठवड्यातून दोनदा. बोटाच्या अर्ध्या पेरावर मावेल एवढंच. ही एक ट्यूब तीन महिने पुरायला हवी. आतल्या पत्रकात लिहिलंय, नाजूक जागी लावू नये. ते वाचून घाबरून सोडू नका, तुमच्यासाठी मी सांगते तेच खरं. साबण बंद. त्याऐवजी हे साधं चोपडं मलम. आणि वर्षातून एकदा मला दाखवायचं, कारण अशा कातडीत क्वचित वाईट गाठ धरते."

"सोडलं तर?"

"डाव्या बाजूची पाकळी आक्रसून चिकटायला लागली आहे. जे चिकटलं ते मलमाने सुटत नाही. उरलेलं वाचवायचं आहे."

थोरली ट्यूब मुठीत घेऊन घरी आली. पहिल्या चार दिवसांत खाज अशी मवाळ झाली, की पाचव्या दिवशी ती बसमध्ये शीळ घालत होती आणि उतारू एकमेकांकडे संशयाने बघत होते.

घरात माणसं पाच, मोरी एक आणि मोरीत फळी एक. सासूबाईंच्या नजरेतून त्या फळीवर नवा ब्रश सुटत नसे, तिथे ट्यूब काय सुटणार?

"हे गं कसलं?"

नऊ वर्षं तिने जिभेला जे वळण लावलं होतं, तिकडेच जीभ वळली. "टाचांच्या भेगांचं, आई."

आता या जगात एखाद्याला यकृत नसेल, पण टाचा सगळ्यांना असतात.

"मलाही आहेत की भेगा!" नवरा म्हणाला. तो टपाल वाटायचा, दिवसाला दहा-बारा मैल चालायचा. बायकोला खाली काहीतरी आहे हे त्याला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणजे तो विचारत नव्हता. चार वर्षांपूर्वी त्याने आपली उशी भिंतीकडे सरकवली होती आणि या समजूतदारपणाचं त्याला फार कौतुक होतं. त्याने ट्यूब दाबली आणि दोन्ही टाचांना भिंतीला लिंपावं तसं मलम लिंपलं. आठवड्यात टाचा अशा गुळगुळीत झाल्या, की एका इमारतीत पाय बुटातून निसटले आणि हा नुसत्या मोज्यांवर तीन मजले चढून गेला. बूट खाली दारात, पत्राची वाट बघत उभे.

सासूबाईंच्या कोपरांवर वीस वर्षं खवले होते. त्या टाचांवरून कोपरांवर आल्या. खवले गेले. तेव्हापासून दारात कुणी आलं, की आधी कोपर पुढे आणि मागून सासूबाई.

पण खरी कमाल केली दिराने. तो घरं विकायचा आणि चेहरा हेच आपलं भांडवल असं मानायचा. त्याने विचार केला, की जे टाचेचं लोणी करतं ते गालाचं काय करील? रोज सकाळी बोटभर. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला, की एका गिऱ्हाईकाने भिंतीला कुठला रंग दिलाय हे विचारायच्या ऐवजी गालांना कुठला दिलाय ते विचारलं. कंपनीने ठरवलं, की चौकातल्या दुमजली फलकावर याचाच फोटो लावायचा.

साध्या चोपड्या मलमाच्या डब्याला मात्र कुणी शिवलं नाही. त्याच्यावर भारदस्त असं काही लिहिलेलं नव्हतं.

पहिली ट्यूब अकरा दिवसांत आडवी झाली. थोरलीने ती लाटण्याने लाटली, कात्रीने कापली आणि आतून पुसून घेतली. दुसरी आणली ती पावसाळी बुटात लपवली. धाकट्या जावेने बूट झाडले. "ताई, तुमचं टाचांचं टाचेतच सापडलं बघा!" म्हणत तिने ती वाजतगाजत फळीवर नेऊन ठेवली, आणि बाटलीच्या झाकणात थोडं काढून खालच्या मजल्यावरच्या बाईंना पोचवलं, कारण टाचा त्यांनाही होत्या. तिसरी ट्यूब आठ दिवस टिकली.

आणि खाज परत आली. आली ती सामानसुमान घेऊन आली. कातडी चिरली, लघवीला बसलं की आग. रस्त्यातला खड्डा उतारूंच्या आधी थोरलीला कळायचा. शेवटच्या थांब्यावर ती इंजिन तपासायच्या निमित्ताने उतरायची आणि दहा मिनिटं नुसती उभी राहायची. आगारातला मिस्त्री म्हणाला, "बाई, इंजिनावर एवढी माया कुणी करत नाही."

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती डॉक्टरणीकडे गेली. डॉक्टरणीने पाहिलं, चिठ्ठ्यांच्या तारखा पाहिल्या आणि चष्मा काढला.

"सहा आठवड्यांत तीन ट्यूब? एवढं लावून कातडी अशी? लावताय की खाताय?"

मग थोरलीने सगळं सांगितलं. टाचा सांगितल्या, कोपरं सांगितली, झाकणातून खाली गेलेलं सांगितलं. दिराचे गाल आले तेव्हा डॉक्टरीण हसायची थांबली.

"चेहऱ्यावर? रोज? एवढं कडक मलम थांबवलं की पेटेल तो चेहरा. त्याला पाठवा माझ्याकडे." तिने चौथी ट्यूब लिहून दिली. "ही देते. पण पाचवी आणि सहावीही त्याच गालांवर जायची असेल, तर तुमच्या कातडीसाठी मी काही करू शकत नाही. सहा आठवड्यांपूर्वी चिकटली नव्हती ती उजवी बाजूही आता धरायला लागली आहे. हे परत मिळत नसतं. घरात सांगा."

"काय सांगू?"

"मी तुम्हाला सांगितलं तेच. त्याच शब्दांत. मला सांगताना जीभ झडली का माझी? आणि आज घरी गेल्या गेल्या पहिली मात्रा."

थोरली घरी पोचली तेव्हा दुपारची पानं मांडलेली होती. सगळे बसलेले. दीर भिंतीकडे तोंड करून. त्याचा चेहरा चार दिवसांपूर्वीच डॉक्टरणीच्या बोलण्यासारखा वागायला लागला होता. लालभडक, वर पुटकुळ्यांचं पीक, आणि ऊन लागलं की शेगडी. फलकाचा फोटो दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला होता.

"ताईंच्या हातात औषधांच्या दुकानातली पिशवी दिसते," जाऊ म्हणाली.

दीर ताटावरून उठलाच. "वहिनी, वाचवलंत! मलम संपल्यापासून आग आग होतेय नुसती." थोरली चपला काढते आहे तोवर त्याने डाव्या हाताने पिशवीतून ट्यूब काढली, दातांनी टोपण उघडलं आणि बोटावर लांबलचक अळी पिळली. रोजच्या हिशेबाने सहा दिवसांचं मलम एका बोटावर.

"ठेवा ते खाली, भाऊजी."

"एवढं काय, वहिनी? टाचाच तर आहेत. उद्या माझा फोटो आहे."

"ते टाचांचं नाही."

"मग कशाचं?"

थोरलीने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, जसं बस हलवण्याआधी तिन्ही आरशांत पाहायची.

"योनीच्या बाहेरच्या कातडीचं."

असं म्हणतात, की त्या वेळी नळसुद्धा ठिबकायचा थांबला. दिराचं बोट गालापासून दोन इंचांवर अडकलं. नवऱ्याने पाय हळूच पाटाखाली ओढून घेतले. सासूबाईंनी दोन्ही कोपरं पदराखाली नेली, दागिने झाकावे तशी.

"भरल्या ताटावर!" सासूबाईंना अखेर कंठ फुटला. "अगं, भरल्या ताटावर बोलायचं का हे?"

"नऊ वर्षं भरल्या ताटावर मांडीत चिमटे घेत बसले, आई. तुम्ही विचारलंत, वाढू का आणखी."

"लागणारं आहे का?" जावेने विचारलं. तिने ताट आधीच चार बोटं दूर सारलं होतं.

"नाही. असतं तर आतापर्यंत तुम्हा सगळ्यांना झालं असतं. कोपराला, गालाला, टाचेला. डॉक्टरांनी बघितलं तरी असतं लगेच. त्या जागा ते बघतात."

नवरा खाली बघून म्हणाला, "मला तरी सांगायचंस."

"तुम्ही उशी सरकवलीत तेव्हा मला वाटलं, कळलं असेल."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिताच खाली ठेवला आणि म्हणाला, "दे रे तिची ट्यूब."

दीर मात्र आपल्या बोटाकडे बघत होता. महिनाभर रोज सकाळी आपण काय, कुठलं, कुठे चोळलं याचा त्याच्या डोक्यात पाढा चालू होता. त्याने ट्यूब मेलेल्या पालीसारखी दोन नखांत धरून ताटाशेजारी ठेवली आणि तो मोरीत पळाला. तिथून बराच वेळ पाणी ओतल्याचा, घासल्याचा, पुन्हा ओतल्याचा आवाज येत होता. साबणाची अख्खी वडी संपली असं जाऊ पुढे सगळ्यांना सांगे. अर्धी तरी नक्कीच.

थोरलीने ट्यूब उचलली, टोपण लावलं आणि आपल्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. एरवी ती हे काम मोरीत, नळ सोडून, अंधुक दिव्यात अर्ध्या मिनिटात उरकायची. कुणीतरी दार वाजवेल या भीतीने मलम निम्मं भलतीकडेच लागायचं. आज तिने पडदा बाजूला केला. ऊन पलंगावर घेतलं. हातआरसा उशीला टेकवून उभा केला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नीट, सावकाश पाहिलं. पांढरी कडा, उजवीकडची नवी चीर, डावीकडे गेलेली ती पाकळी. रस्ता कुठे खचलाय हे बघावं तसं बघितलं. मग अर्ध्या पेराएवढं मलम बोटावर घेतलं.

दारावर टकटक झाली.

"वहिनी." दिराचा आवाज. घासून घासून दमलेला. "वहिनी, ऐका ना. मी विचार केला. तसं बघितलं तर मलम मलमच असतं ना? ते कुठे कुणाला माहीत असतं?"

थोरलीने ट्यूबचं टोपण घट्ट फिरवलं.

"फोटो उद्या दहाला आहे. दुमजली फलक आहे, वहिनी. हा असा चेहरा दोन मजले दिसेल." आवाज आणखी खाली आला. "कुणाला सांगणार नाही मी. फटीतून द्या. एक बोट. आजच्यापुरतं."

"डॉक्टरणीने बोलावलंय तुम्हाला. चार वाजता असते ती. चेहरा दाखवा जाऊन."

"बायकांच्या त्या रोगाच्या डॉक्टरकडे मी चेहरा घेऊन जाऊ?"

"ती कातडीची डॉक्टर आहे. आणि घाबरू नका. ती आधी बघते, मग बोलते."

बाहेर पावलं दोनदा गेली आणि परत आली. मग कुजबुज आली, "अर्धं बोट?"

"नाही," थोरली म्हणाली, आणि आरसा जरा उजवीकडे सरकवून तिने मलम लावायला घेतलं. घाई नव्हती. सुट्टीचा दिवस होता.