राखणदार अळ्या

सकाळी देवापुढे दिवा लावला की सूर्य डोक्यावर येईपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, दिरांना तर चांगलाच. म्हणूनच फवारणीचा पंप पाठीला लावून ते सकाळी आले.

शेडमधल्या ढोबळी मिरचीवर मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, पडला होता. पण त्याच्यामागोमाग ढालकिडेही आले होते. ठिपक्यांचे हे लाल किडे सगळ्यांनाच गोड वाटतात. त्यांच्या अळ्या मात्र काळ्या, काटेरी, दिसायला मगरीसारख्या. माव्याचा फडशा पाडतात त्या अळ्याच. रोज पानं उलटून मी बघत होते, मावा हटत चालला होता.

"वहिनी, अळी पडलीय की! बरं झालं आलो."

मी हात पसरून वाट अडवली. ते हसले. "काय म्हणताय? तोंडानं सांगा ना!"

मी दारात उभ्या असलेल्या यांच्याकडे पाहिलं. "अगं, आपल्या भल्याचंच करतोय तो," हे म्हणाले.

पंप सुरू झाला. अळ्या पानांवरून टपाटप गळल्या. मी मनात देवाचं नाव घेत होते आणि दात-ओठ खात होते.

पानांखाली थोडा मावा वाचला. त्याच्या मादीला नवरासुद्धा लागत नाही, एकटीच पिल्लं घालत सुटते. आता तिला खाणारं कोणी उरलं नव्हतं. पंधरवड्यात शेंडे चिकट होऊन मुरडले, कळ्या गळायला लागल्या.

"औषध कमी पडलं," म्हणत दीर दुप्पट कडक औषध घेऊन आले. पुन्हा सकाळीच, हेही बरोबर.

दाराजवळच्या तणात काही अळ्या वाचल्या होत्या. नुकत्याच मिरचीवर चढत होत्या. त्या गेल्या की पीक गेलं.

"भाऊजी, पंप खाली ठेवा."

दोघंही दचकले. "अहो वहिनी, तुमचं मौन..."

"माझ्या मौनाच्या आडून चोरासारखे येता, आणि वर त्याचीच काळजी? राखणदार मारलेत, चोर मोकाट सोडलेत. औषध नाही कमी पडलं, अक्कल कमी पडली!"

"अगं, नेम मोडलास की," हे पुटपुटले.

"तो उद्या पुन्हा धरीन. या अळ्या उद्या कुठून आणू?"

दोघांना बाहेर काढून मी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घेऊन देवापुढे जाऊन बसले. क्षमा मागायची होती. पण राग उतरेना, म्हणून नुसतीच बसून राहिले.