लॅपटॉपनं शेळीची शेली केली

गोरोबा सरांची नजर जाऊन तीन वर्षं झाली होती. ईट गावच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावरही आसपासच्या शाळा स्पर्धेचे निबंध तपासायला त्यांच्याकडंच पाठवायच्या. आता निबंध टाइप होऊन यायचे, लॅपटॉप वाचायचा आणि सर ऐकायचे. तो वाचणारा प्रोग्रॅम बसवून दिला होता समृद्धीनं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, मेंढरं राखणाऱ्या बिरदेवची थोरली मुलगी. पुण्यातल्या एका कंपनीचं काम ती गावात बसूनच करायची.

दिवाळीनंतर सरांचा लॅपटॉप बंद पडला. पुतण्या कृष्णराजनं पुण्याहून आपला वापरलेला पाठवून दिला. शुक्रवारी निबंधस्पर्धेचा निकाल द्यायचा होता, म्हणून सोमवारी सकाळीच समृद्धी सरांच्या सोप्यात येऊन बसली.

"अर्ध्या तासाचं काम हाय, सर."

प्रोग्रॅम नव्या मशीनवर पुन्हा बांधून घ्यायचा होता. त्याला एक लायब्ररी लागायची, म्हणजे अक्षरांचा आवाज करणारा तयार कोड. तिची नवी आवृत्ती समृद्धीनं उतरवून घेतली, 'आवाज' नावाच्या फोल्डरात ठेवली आणि बांधणीची, म्हणजे बिल्डची कमांड दिली. लाल ओळ आली.

"लायब्ररी मिळाली न्हाय म्हणतंय."

"मग हाय कुठं ती?"

"इथंच की, माझ्या डोळ्यांसमोर."

"तुझ्या समोर आसंल. त्याच्या समोर हाय का?"

सरांनी बरोबर तेच विचारलं होतं. बिल्ड करणारं टूल सगळं मशीन धुंडाळत बसत नाही. त्याची ठरलेली चार-पाच ठिकाणं असतात, तिथं वस्तू नसली की त्याच्या लेखी ती नाहीच. तिनं 'आवाज' फोल्डरचा पत्ता कमांडमध्ये जोडला. या वेळी बिल्ड विनातक्रार पार पडलं.

सरांनी पहिला निबंध लावला. लॅपटॉप वाचू लागला, "आमची शेली काली आहे. ती मल्यात चरते."

सरांच्या पत्नी श्रीदेवीकाकू चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. "ही शेली कोण म्हणं?"

सर हसले नाहीत. "पोरानं शेली लिहिलंय का शेळी?"

"शेळीच लिहिलंय, सर. बरोबर लिहिलंय." समृद्धीनं ओळ पुन्हा पाहिली. जुनी आवृत्ती ळचा ल करायची, पण नव्या आवृत्तीत ळ नीट म्हटला जातो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बिल्ड पुसून नव्यानं केलं. शेली. लायब्ररी पुन्हा उतरवली. शेली. शेवटी मशीनच बंद करून चालू केलं, तरी शेलीच. साडेबारा वाजले. टूल म्हणत होतं नवी लायब्ररी सापडली, आणि कानावर तर जुनीच पडत होती. आपणच काहीतरी वेड्यासारखं बघतोय, असं तिला वाटायला लागलं.

मग तिनं तयार झालेल्या प्रोग्रॅमलाच विचारायचं ठरवलं. चालताना तू लायब्ररी कुठून घेतोस, हे दाखवणारी एक कमांड असते. उत्तर आलं ते भलत्याच ठिकाणाचं. तिथं त्याच लायब्ररीची, त्याच नावाची जुनी प्रत बसलेली होती.

तिनं कृष्णराजला फोन लावला. "दादा, तुम्ही ही लायब्ररी टाकली होती का?"

"मी?" त्यानं आठवून पाहिलं. "कॉलेजच्या प्रोजेक्टला काहीतरी टाकलं होतं बघ. काय ते आठवंना आता."

म्हणजे शोध दोनदा होत होता. बांधताना टूल समृद्धीनं दिलेल्या पत्त्यावर जायचं. चालताना मात्र सिस्टिम आपल्या ठरलेल्या ठिकाणांच्या यादीप्रमाणं शोधायची आणि तिला कृष्णराजची प्रत मिळायची. समृद्धीला हायसं वाटलं. तिनं जुन्या प्रतीचं नावच बदलून टाकलं.

सरांनी लॅपटॉप पुढं ओढून काहीतरी टाइप करायला घेतलं आणि ते एकदम थांबले. "समृद्धी? काय केलंस? हे बोलंना झालंय."

सरांनी बोटानं दाबलेलं प्रत्येक अक्षर म्हणून दाखवणारा, या लॅपटॉपवर आधीपासून असलेला दुसरा प्रोग्रॅम त्या जुन्या प्रतीवरच चालत होता. 'आवाज' फोल्डर त्याला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. सर कळांवरून बोटं फिरवत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरलेला तिनं कधी पाहिला नव्हता.

"थांबा सर, आत्ता लावते." घाईघाईनं लॅपटॉप जवळ घेऊन तिनं नाव पूर्ववत केलं. तरी आवाज आला नाही. ती एकामागून एक कमांड देत राहिली. आणि पाचेक मिनिटांनी, तिचा हात कीबोर्डवर नसताना, लॅपटॉप आपला आपण बोलला, "क."

"आला!" काकू म्हणाल्या.

मग तिनं जुन्या प्रतीला हात लावला नाही. नव्या लायब्ररीचा पूर्ण पत्ता वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या आतच लिहून टाकला, म्हणजे तो चालताना यादीकडं वळणारच नाही. बिल्ड झालं. लॅपटॉप म्हणाला, "आमची शेळी काळी आहे."

सर म्हणाले, "आता असं कर. काय कुठं ठेवलंय ते माझ्या फोनवर बोलून ठेव. उद्या तू न्हाय आलीस तर येणाऱ्याला ऐकवता येईल."

समृद्धीनं फोन तोंडाशी धरला. प्रती दोन आहेत, कोणती कुणाची, जुनी का काढायची नाही, सगळं सांगितलं. मग अडखळली. "सर, नाव परत केल्यावरही आवाज पाच मिनिटं का आला न्हाय, ते मला अजून कळलं न्हाय."

"मग तसं बोल की."

"रेकॉर्डिंगमध्ये?"

"व्हय. म्हणजे येणारा माणूस तरी स्वतःला येडा समजायचा न्हाय."

तिनं तसं बोलून ठेवलं. तोवर सरांनी दुसरा निबंध लावला होता आणि कान पुढं करून ते ऐकत होते. मधेच हात वर करून म्हणाले, "पुन्हा लाव गं. ह्या पोरीनं विहिरीबद्दल काहीतरी लई चांगलं म्हटलंय."