शेवटून दुसरा नंबर

गफूरचाचांचं नाव कवींच्या यादीत पहिलं टाकलं ते मी. कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचा माझा स्वभाव नाही. अठरा वर्षं आमच्या हौशी नाटक मंडळीचे कपडे शिवणारा माणूस, वय चौऱ्याहत्तर, त्यात घशाचं दुखणं. म्हटलं, पहिल्यांदा वाचतील आणि घरी जाऊन पडतील. लग्नात मानाचा टॉवेल-टोपी आधी थोरल्यालाच देतात ना, माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

लातुरात आम्ही दरवर्षी शनिवार-रविवार असा दोन दिवसांचा कलाउत्सव करतो. यंदा शनिवारी भारूड आणि दोन एकांकिका झाल्या, रविवारी सकाळी माहूरकडच्या गोंधळ्यांनी सभागृह दणाणून सोडलं. दुपारी तीन ते सहा मराठी कवी आणि उर्दू शायर एकाच मंचावर बसवायचे होते. पत्रिकेवर मी हौसेनं ‘कविसंमेलन-मुशायरा’ असं छापलं. मुशायऱ्याबद्दल माझी माहिती एवढीच, की गाद्या आणि तक्के लागतात.

हा घाट घातला तो खरं तर जन्नतबींसाठी. चाचा गंजगोलाईजवळच्या बोळात शिलाईचं दुकान चालवतात आणि जन्नतबी, म्हणजे आमच्या चाची, तिथंच बसून काज करतात. चाचा एके काळी नांदेड, परभणी, उदगीर, सगळीकडे मुशायऱ्यांत शेर पढायला जायचे. आता मंगळवारी नांदेडला त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं. स्वरयंत्रावर गाठ होती. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, गाठ निघेल, आवाज राहील की नाही ते सांगता येत नाही.

हे कळलं त्या दिवशी चाची सुई न थांबवता मला म्हणाल्या, “पचास बरस में इनकू मंच पे एक बार बी नहीं सुनी मैं. पहले औरतां जातेच नै थे. फिर बच्चे हुए, फिर ये काज.”

“उत्सवाच्या रविवारी ऐकाल चाची,” मी म्हणाले. “माझा शब्द.”

आणि रविवारी पावणेतीनला चाचांची नात जिक्रा धावत माझ्याकडे आली. पोरगी फार्मसीला आहे, उगाच घाबरणारी नाही. “मॅडम, दादा घरी चाललेत. पत्रिका वाचली आणि उठलेच. दादीला पण उठवून राहिलेत.”

मी पदर खोचून बाहेर पळाले. चाचा सभागृहाच्या पायरीवर उभे होते. इस्त्रीची शेरवानी, हातात वही. चाची त्यांच्यामागे, नव्या साडीत, चेहरा उतरलेला.

“काय झालं चाचा? बरं वाटत नाही का?”

“तब्येत ठीक हाय बाई.” घोगऱ्या आवाजात ते एकेक शब्द जपून वापरत होते. “मुशायऱ्यात पहिल्यांदा कोण पढतो, ठाऊक हाय का तुम्हाला? जो शिकाऊ असतो तो. नवं पोरगं. जेवढा बुजुर्ग शायर, तेवढा मागं. सगळ्यात शेवटी सदर, म्हणजे तुमचे अध्यक्ष. पन्नास वर्सं झाली मला पढून. तुम्ही मला शिकाऊ केलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगलं करायला गेले आणि भर पत्रिकेत, दीडशे लोकांच्या हातात, या माणसाचा अपमान छापून ठेवला. दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला उभा सोलला असता.

“चुकले,” मी म्हणाले. “तुम्ही सांगा, कितवा नंबर?”

“सदरच्या आधी. बस. तेवढंच.”

म्हणजे शेवटून दुसरा. मी तिथल्या तिथे पत्रिकेवर पेनानं खाडाखोड केली, त्यांना दाखवली आणि हात धरून आत आणलं. चाचींना तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी माझा हात नुसता दाबला.

नंबर बदलणं सोपं होतं. वेळ कुठून आणायची हा प्रश्न मला नंतर पडला. सभागृह सहालाच सोडायचं होतं. सहापासून एका क्लासवाल्यांनी गुणवंतांच्या सत्कारासाठी ते घेतलं होतं, आणि लातुरात क्लासवाल्यांच्या आड प्रत्यक्ष देव आला तरी त्याला बाजूला व्हावं लागतं. सभागृहाचा व्यवस्थापक महांतेश हा निलंग्याकडचा शांत माणूस. त्यानं मला आधीच बजावलं होतं, “मॅडम, सहा म्हंजे सहा. साडेपाचलाच आईबाप गुच्छ घिऊन दारात येत्यात. मी माइक बंद करणार, मग राग धरू नका.”

त्यात अध्यक्ष उशिरा आले. किशनराव, नांदेडचे निवृत्त प्राचार्य, चार कवितासंग्रह नावावर. साडेतीनला उतरले आणि म्हणाले, “अहमदपूरला चहाला थांबलो होतो.” अर्धा तास चहा. मी हसून हार घातला.

अकरा कवी होते. प्रत्येकाला दोन कविता, पाच मिनिटं, असं मी फोनवर तीन-तीनदा सांगितलं होतं. पण कवी माइकसमोर उभा राहिला की त्याचं घड्याळ बंद पडतं. पहिल्यानं कवितेच्या आधी कवितेची जन्मकथा सांगितली. दुसऱ्यानं “शेवटची कविता” म्हणून तीन वाचल्या. धर्माबादहून आलेल्या कवीनं पाठ केलेली कविता मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. निवेदन माझ्याकडेच होतं. मी बाजूला उभी राहून दात आवळत होते आणि लोक मात्र मजेत टाळ्या देत होते.

पाच पंचवीस. चाचा आणि अध्यक्ष धरून पाच कवी राहिलेले. चाचा गादीवर तक्क्याला टेकून थर्मासमधलं गरम पाणी घोट घोट पीत होते. मधेच त्यांना खोकल्याची उबळ आली आणि बराच वेळ थांबेना. तिसऱ्या रांगेत चाची खुर्चीतून अर्ध्या उठल्या, पुन्हा बसल्या.

मी उरलेल्या कवींच्या कानाशी लागले. “एकच कविता. छोटी.” एक जण ऐकला. दुसरा म्हणाला, “मग वाचतच नाही,” आणि मी म्हणाले, “आभारी आहे.” तो आजही माझ्याशी बोलत नाही. तिसऱ्याच्या मधेच मी माइकपाशी जाऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. लोकांना वाटलं कविता संपली, त्यांनीही वाजवल्या, आणि बिचारा खाली बसला. मला लाज वाटायला हवी होती, पण तेवढा वेळ नव्हता.

पाच चव्वेचाळीस. आता चाचा आणि अध्यक्ष, दोघंच. दाराच्या काचेबाहेर गुच्छ दिसायला लागले होते. मी चाचांचं नाव घ्यायला माइककडे वळले, तोच किशनराव खुर्चीतून उठले आणि माझ्याआधी माइकशी पोचले.

“मला नांदेडला परत जायचं आहे,” ते मला हळूच म्हणाले, “तेव्हा मी आटोपून घेतो. मग तुमचं चालू द्या.” आणि खिशातून घडी घातलेले कागद काढले. पाच-सहा पानं असतील.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली, शांतपणे पिशवीत घातली आणि थर्मासचं झाकण फिरवायला लागले. तेव्हा मला उमगलं. सदर शेवटी पढतो म्हणजे सदर पढला की मुशायरा संपला. त्यानंतर कुणी पढत नाही. चाचा तर मुळीच पढणार नाहीत, भले सभागृह रात्रभर मोकळं असो.

किशनरावांनी घसा खाकरला. मी पुढे झाले आणि त्यांच्यासमोरचा माइक स्टँडवरून काढून घेतला.

अध्यक्षांच्या पुढ्यातला माइक काढून घ्यायचा, हे आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. मी माइकवरच बोलले, कारण कानात कुजबुजायची वेळ गेली होती. “सर, तुम्ही वाचलंत की मुशायरा संपतो. तशी रीत आहे. गफूरचाचा राहिलेत. मंगळवारी त्यांच्या घशाचं ऑपरेशन आहे. त्यांना आधी वाचू द्या. मी हात जोडते.”

किशनराव लाल झाले. त्यांनी कागदांची घडी घातली. “अध्यक्षाला असं बसवतात का, मंजुश्रीबाई?” एवढंच ते बोलले. मग गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला, मंचावरून उतरले आणि मधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर गेले. त्यांच्या जागी मी असते तर मीही गेलेच असते.

पाच अठ्ठेचाळीस. मी चाचांचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. चाचा उठले, माइकशी आले आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. एक मिनिट गेलं. कुणीतरी मागून “इर्शाद” म्हणालं, म्हणजे सुरू करा.

मी जवळ गेले. “चाचा, वेळ नाही. वाचा ना.”

“कसं पढू बाई?” ते पुटपुटले. “सदरची इजाजत घेतल्याबिगर शेर पढत न्हाईत. सदारतीची खुर्चीच रिकामी हाय.”

मला रडू यायला लागलं आणि त्याहून जास्त राग आला. त्यांचा, माझा, किशनरावांचा, सगळ्या रीतीभातींचा. या माणसाला परवा आवाज असेल का नाही ठाऊक नाही आणि हा खुर्चीसाठी अडून बसलाय. पण अडून बसलाय म्हणूनच तो गफूरचाचा आहे, हेही मला कळत होतं. पन्नास वर्षं त्यानं हे असंच सांभाळलं होतं आणि शेवटच्या दिवशी ते मोडायला मी त्याला सांगणार नव्हते.

मी मंचावरून उतरले. तिसऱ्या रांगेत गेले आणि चाचींचा हात धरला.

“कायकू?” त्या घाबरून म्हणाल्या.

“चला चाची.”

“नक्को मॅडम. लोगां देख रे.”

मी ऐकलं नाही. एका बाजूनं मी आणि दुसरीकडून जिक्रा, असं त्यांना पायऱ्या चढवून वर नेलं. खुर्चीवरचा हार उचलला आणि माइकवर म्हणाले, “अध्यक्षांना तातडीनं जावं लागलं. उरलेल्या मुशायऱ्याच्या अध्यक्षपदासाठी मी श्रीमती जन्नतबी गफूर यांचं नाव सुचवते.”

आपल्याकडे सूचना झाली की अनुमोदन लागतं. त्याशिवाय अध्यक्ष होत नाही. मी सभागृहाकडे बघितलं. लोक एकमेकांकडे बघत होते. पाच बावन्न.

“अनुमोदन,” विंगेतून आवाज आला. महांतेश होता. एक हात माइकच्या बटनाशी आणि दुसरा वर केलेला. वीस वर्षं सभा बघतोय तो, त्याला सगळं तोंडपाठ.

टाळ्या पडल्या. चाची खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या, पदर डोक्यावर ओढून, नजर पायाशी. चाचा त्यांच्याकडे वळले. मी त्या दोघांना अठरा वर्षं बघते आहे. दुकानात ते चाचींना साधी कात्री मागायचे तरी मान वर न करता. आता ते ताठ उभे राहिले, उजवा हात कपाळाशी नेऊन झुकले आणि म्हणाले, “सदर साहिबा, इजाजत है?”

चाचींना काय म्हणायचं असतं ते माहीत नव्हतं. त्यांनी वर पाहिलं.

“पढ़ो जी,” त्या म्हणाल्या.

चाचांनी वही पिशवीतून काढलीच नाही. आवाज फाटका होता, पहिल्या ओळीला तर नुसती हवाच आली. मग तो लागला. दोन शेर त्यांनी लोकांकडे तोंड करून म्हटले. तिसऱ्याला त्यांची मान खुर्चीकडे वळली.

“सबके कपड़े सीते सीते उम्र मेरी कट गई,
एक धागा रह गया था, वो भी तेरे नाम का.”

“मुकर्रर,” लोक म्हणाले, पुन्हा, पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा पहिली ओळ कशीबशी निघाली आणि दुसऱ्या ओळीला आवाज गेला. ओठ हलत राहिले. सभागृहानं ती ओळ म्हणून पुरी केली. मागच्या रांगांत कधीतरी दार उघडून आत आलेले, हातात गुच्छ घेतलेले आईबापसुद्धा म्हणत होते. सहा वाजून तीन मिनिटं झाली होती आणि महांतेशनं बटनावरचा हात काढून खिशात घातला होता.

चाचा झुकून बाजूला झाले. मला खुणेनं दाखवलं, आता सदर. शेवटी सदरच, रीत ती रीत. मी माइक चाचींच्या समोर धरला.

लोकांकडे त्यांनी बघितलंच नाही. त्यांची नजर घसा धरून उभ्या राहिलेल्या चाचांवर होती.

“मंगल कू जो होना सो होने दो,” चाची म्हणाल्या. “मैं सुन ली.”