चहावर दिलेले पाच गुण

टूलचं नाव: नंबर-रद्द.
काय करतं: डायलिसिस सेंटरमधल्या पेशंटचे नंबर रद्द करतं.
कोण वापरतं: सेंटरचा एआय एजंट. माणूस नाही.
लेखी माहिती पुरेशी आहे का: हो.
गुण: पाचपैकी पाच.
तपासणारी: रत्नमाला.

बुधवारी सकाळी सव्वानऊला रत्नमाला स्वतःचं नाव वाचत होती आणि ते दुसऱ्या कुणा बाईचं असावं असं तिला वाटत होतं.

सव्वीस पेशंट. सगळ्यांचे आजचे नंबर रद्द.

सव्वीस.

क्रांती चौकामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर, तिची नोकरी हीच. एआय एजंट जी टूल वापरतात त्यांची लेखी माहिती वाचायची आणि गुण द्यायचे. टूल कसं वागतं हे एजंटला त्या कागदावरूनच कळतं. गुण चारपेक्षा कमी असले तर एजंट टूल चालवण्याआधी माणसाला विचारतो. चार किंवा पाच असले तर विचारत नाही.

विचारत नाही. नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला हे तिनंच शिकवलं होतं.

स्क्रीनवर एजंटची सकाळी सात वाजून दहा मिनिटांची नोंद होती.

*चौथं मशीन बिघडलं आहे. त्या मशीनवरच्या पेशंटचे नंबर रद्द करायचे आहेत. आज त्यावर कोणी नाही, म्हणून यादी रिकामी पाठवतो. रिकाम्या यादीबद्दल माहितीत काही लिहिलेलं नाही. कोणी नाही, म्हणजे काही रद्द होणार नाही असं धरतो. गुण पाच आहेत. विचारण्याची गरज नाही.*

तिनं ते दोनदा वाचलं, चूक शोधत. एजंटची एकही सापडेना.

मग तिला चहा आठवला.

मागच्या महिन्यात, खालच्या टपरीवर. तो कागद लिहिणारा बुद्धभूषण ऑफिसात तिच्या शेजारच्याच टेबलावर बसतो. तिनं त्याला विचारलं होतं, यादी रिकामी गेली तर काय होतं? तो म्हणाला होता, त्या दिवसाचे सगळेच नंबर उडतात ताई, पण असं कोण पाठवतंय? दोघं हसले होते. तिनं खारी बुडवून खाल्ली, वर आली आणि पाच दिले.

ऑफिसात सगळे असंच करत. कागदावर अडलं की लिहिणाऱ्याला घेऊन खाली जायचं. शंका फिटली की गुण. तिची शंका फिटली होती. कागद होता तसाच राहिला होता.

एजंट चहाला आला नव्हता.

दहापर्यंत सेंटर आणि ऑफिसनं मिळून पंचवीस जणांना फोन करून परत बोलावलं. एक राहिली. दगडाबाई, खुलताबादची, वय बासष्ट. शनिवारचा नंबर तिनं भाचीच्या लग्नापायी चुकवला होता, म्हणजे मागच्या बुधवारच्या डायलिसिसला आठवडा झाला होता. सेंटरची नर्स फोनवर म्हणाली, "आज हुकलं तर मी काय सांगू शकत नाय."

दगडाबाईचा फोन बंद. घरी लावला तर सून म्हणाली, त्या सातच्या एसटीनं निघाल्यात, अजून पोचल्या न्हाईत का?

बुद्धभूषणनं मोटरसायकल काढली. रस्ताभर तो एकच सांगत होता, मी लिहायला पाहिजे होतं. रत्नमाला मागं बसून ऐकत होती. प्रत्येक समोरून येणाऱ्या एसटीच्या खिडक्या मोजत होती.

दौलताबाद. फाट्यावर पेरूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायांच्या मागं, पोत्यावर, एक म्हातारी. पाय इतके सुजलेले की चपला बाजूला काढून ठेवलेल्या. ओठांचा रंग

रंग सांगता येत नाही.

धापा टाकत दगडाबाईनं सांगितलं. गाडीतच नंबर रद्द झाल्याचा मेसेज आला. शेजारच्या पोरीनं वाचून दाखवला, म्हणून ती इथं उतरली. मग फोनची बॅटरी संपली. परतीच्या तीन गाड्या गेल्या, पण पायरी चढवली नाही.

रत्नमाला तिच्यासमोर मातीत बसली. "मावशी, चला. तुमचा नंबर हाय."

"मशीननं नाय म्हणलं की."

"मशीनचं नाय चुकलं. माझं चुकलं."

"तू डाक्टरीण हायस व्हय?"

"नाय. मी कागद तपासते."

दगडाबाईनं तिच्याकडं बघितलं. मध्येच धाप आली, ती जाऊ दिली. "मंग तपासायचा ना, बाई."

रिक्षा. तिचा गार हात. नगर नाका. सेंटरचं दार.

साडेअकराला तिला मशीनवर घेतलं. तासाभरानं नर्स बाहेर आली आणि म्हणाली, धाप उतरतीय, अजून थोडा उशीर झाला असता तर आम्ही घेतलंच नसतं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं असतं.

रत्नमालाला रडू यायला हवं होतं. आलं नाही. बाकावर बसून तिनं मोबाइलवर स्वतःची यादी उघडली. पाच गुण दिलेली टूल: एकसष्ट. शाळेच्या बसचं. पाण्याच्या व्हॉल्व्हचं. शीतगृहाचं. एक उघडलं. यातलं किती कागदावर होतं आणि किती टपरीवर ऐकलेलं? दुसरं उघडलं. तिसरं. पाच म्हणजे तिथं विचारायला माणूस नाही.

एकसष्ट ठिकाणचा माणूस तिनं काढून टाकला होता.

ऑफिसचे प्रमुख शिवराज सर फोनवर म्हणाले, एकदम सगळं बदलू नका, कंपन्यांना काय सांगायचं? ती ऐकत होती आणि अंगठ्यानं बदलत होती. पाचाचे दोन. पाचाचे दोन.

चौदाव्या टूलचे गुण बदलले आणि बुद्धभूषणचा मोबाइल वाजला. त्या टूलचा कागदही त्यानंच लिहिलेला, म्हणून शीतगृहाचा एजंट त्याला विचारत होता.

*दार बंद करण्याआधी आत माणूस आहे का हे टूल बघतं, की नाही? लिहिलेलं नाही. बंद करू का?*

बुद्धभूषण बाकावरून उठला. "ताई, ते बघत नाय. मला म्हायतीय, ते सरळ..."

"आधी त्याला नको म्हण," रत्नमाला म्हणाली. "अन् मला सांगू नको. लिही."