कानामात्रांचा नियम

ग्रंथालयात त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. तोंडावर 'सर', पाठ फिरली की कानामात्रा. हिब्रू विभागाच्या ज्या खुर्चीत त्यांनी उभी हयात काढली, तिथे आता त्यांची लेक बसत होती. तिच्यासमोर कुणाच्या तोंडून ते नाव निसटलं, की माणसाला एकदम खोकला यायचा.

नाव मात्र चपखल होतं. हिब्रू पुस्तकं बहुतेक नुसत्या व्यंजनांत छापतात. काना, मात्रा, वेलांटी जे काही असेल ते वाचणाऱ्याने पदरचं घालायचं. भाषा येणाऱ्याला ते जमतं. पण या ग्रंथालयाची यादी रोमन अक्षरांत, आणि तिथे स्वर लिहिल्याशिवाय सुटका नाही. बरं, एकाच नावात एका घरी 'आ', तर दुसऱ्या घरी 'ओ'. पूर्वी ज्याने त्याने आपापल्या घरचा स्वर घातलेला, त्यामुळे एकाच लेखकाची पुस्तकं यादीत चार ठिकाणी, भांडून वेगळ्या निघालेल्या सख्ख्या भावांसारखी. कानामात्रांनी खुर्चीत बसल्या बसल्या नियम केला: सगळीकडे एकच उच्चार, तोही पुस्तकी. त्यात सगळ्यात आधी हद्दपार झाला तो त्यांच्या स्वतःच्या आईच्या तोंडचा 'ओ'. "चुकीच्या जागी नोंदलेलं पुस्तक म्हणजे जळालेलं पुस्तक," असं ते म्हणत, आणि जाळणाऱ्याला सर्वांदेखत उभा सोलत.

मग निवृत्ती आली आणि तिच्या पाठोपाठ विसरणं. आधी किल्ल्या गेल्या, मग वार, मग शेजाऱ्यांची नावं. शाबूत राहिलं ते एकच. व्यंजनांच्या ओळीवर नजर टाकली, की स्वर आपसूक जिभेवर येत. म्हणून लेक संध्याकाळी नव्या पुस्तकांच्या शीर्षकपानांच्या झेरॉक्स घरी आणायची. तिला स्वतःला येत नव्हतं असं मुळीच नाही. पण त्या तासाभरात बाबा पुन्हा बाबा व्हायचे, आणि एवढ्या स्वस्तात बाप परत मिळत असेल तर कोण सोडेल?

"दिवसभर चष्मा शोधतात हो," त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी निघताना सांगायच्या, "आणि जिन्यात तुमची चाहूल लागली की बरोब्बर नाकावर!"

एका संध्याकाळी एका कवीच्या आडनावावर तिचं पेन थबकलं.

"बाबा, 'आ' ना?"

"'ओ'. तू कधी शिकणार गं? मी मेल्यावर?" ते खुशीत म्हणाले.

तिने 'ओ' लिहिला. उद्या ऑफिसात नीट करू, असं मनाशी म्हणाली. ऑफिसात गेल्यावर हात चालेना. आजवर घरून आलेल्या कागदावर तिने खाडाखोड केली नव्हती. आज केली, तर बाबा गेले हे लेखी होणार होतं. तिने 'ओ' तसाच चढवला. मग दुसरा आला, तिसरा आला. बाबा एकेक पायरी उतरून आपल्या आईच्या स्वयंपाकघरात चालले होते. लेक मागोमाग जात होती, आणि यादीत पुन्हा भाऊ वेगळे निघत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. ज्याच्या लक्षात आलं असतं तो माणूस घरी बसला होता.

वर्ष उलटून गेल्यावर काउंटरवाला एका काठी टेकत आलेल्या म्हातारीला घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"मॅडम, ह्या आजी ऐकतच नाहीत. यादीत नाही म्हटलं तर म्हणतात, यादीला नीट बघता येत नसेल."

"माझ्या भावाचं पुस्तक आहे," म्हातारी म्हणाली. "कवितांचं. एकच छापलं त्याने, मग गेला. आमच्याकडची प्रत कुणी वाचायला नेली ती नेलीच. ज्यांच्याकडे दुसरी होती त्यांनी सगळी पुस्तकं तुम्हाला दिली असं कळलं."

लेकीने आडनाव टाकलं. काही नाही. "नाही हो आजी," हे शब्द ओठांवर आलेच होते. मग तिला घरून आलेले कागद आठवले. तिने 'आ' पुसून 'ओ' टाकला.

पुस्तक होतं. खालच्याच मजल्यावर.

काउंटरवाल्याने ते आणून दिलं. म्हातारीने ते उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवलं आणि वरून हात फिरवत राहिली.

"मी मागच्या हिवाळ्यातही आले होते," ती म्हणाली. "नाही म्हणालात. धाकटी बहीण होती तेव्हा आमची. अंथरुणाला खिळलेली, पण कान शाबूत. म्हणायची, त्याच्या चार ओळी कुणीतरी वाचून दाखवा गं. मला पाठ नव्हत्या."

"आता...?"

"आता कुठे बाई. मीच वाचेन, मीच ऐकेन." आवाजात राग असता तर लेकीला बरं वाटलं असतं.

घरी बाबा चष्मा लावून तयार होते. तिने झेरॉक्स काढल्या नाहीत.

"चेहरा का असा? साहेब ओरडले?"

खोटं बोलावं असं तिच्या मनात होतं. पण घडलेलं सांगून टाकलं. फक्त चूक कुणाची ते वगळलं.

कानामात्रा ताठ बसले. कित्येक महिन्यांत तिने हा चेहरा पाहिला नव्हता. "कोणी चढवलं ते नाव? उभा करा त्याला माझ्यासमोर! बाई मेली ना तिकडे वाट बघत?"

"नवीन माणूस आहे, बाबा. शिकेल."

"शिकेल काय? टेबलावरून उठव त्याला! कुठला स्वर घातला गाढवाने?"

"'ओ'."

"'ओ'?" ते थांबले. ओठ हलले, आडनाव मनातल्या मनात दोन्ही तऱ्हांनी म्हणून पाहिल्यासारखे. "हा 'ओ' आता कोण म्हणतं? आमच्याकडे म्हणायचे. आई म्हणायची." त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, आणि तिथेच उत्तर फुटलं.

"मी होय?"

"चूक माझी आहे, बाबा. मला माहीत होतं."

"माहीत होतं आणि लिहिलंस?" त्यांनी समोरचं रिकामं टेबल एकदा पाहिलं. मग ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "उद्यापासून मला विचारायचं नाही."

"बाबा, असं काय करता..."

"आणि मला विचारून तिकडे दुसरंच लिहायचं, तेही नाही. हातात खुळखुळा द्यायला मी तान्हं पोर नाही. शब्द दे."

तिने दिला. त्यांनी चष्मा काढून तिच्या हातात ठेवला आणि नियम मोडणाऱ्या माणसाला आपण वेळीच उठवलं अशा समाधानाने जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी लेक उशिरापर्यंत ऑफिसात बसली. बाबांचे 'ओ' शोधून काढायचे, एकेकाच्या जागी 'आ' लिहायचा, भावाला भावाशेजारी आणून बसवायचं. काम सोपं होतं. फक्त प्रत्येक 'ओ' पुसताना तो आधी बाबांच्या आवाजात ऐकू यायचा.

ती घरी पोचली तेव्हा मावशी पायात चपला घालत होत्या. बाबा खिडकीपाशी बसले होते, चष्मा नाकावर, समोरचं टेबल पुसून लख्ख.

"उशीर केलास," ते म्हणाले. "आण. आज काय काय आलंय?"

मस्करी करतायत की काय म्हणून तिने निरखून पाहिलं. चेहरा कोरा होता. काल दिलेला-घेतलेला शब्द आता तिच्या एकटीकडे उरला होता.

पिशवीत नव्या पुस्तकांची पानं होती. तिने पिशवी दाराच्या मागे अडकवली.

"आज काही आलं नाही, बाबा."

"काहीच नाही?" ते हसले. "लोकांनी लिहायचं सोडलं की काय?"

"आज नाही आलं."

"बरं. उद्या येईल," त्यांनी तिची समजूत घातली, आणि चष्मा तसाच ठेवून टेबलाशी बसून राहिले.